तांब्याच्या नळीवर दोन ठोके

सगळ्यात आधी एक सांगते. ही गोष्ट खरी आहे.

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता, आणि माझ्या मामाचा तर माझ्याहून कमी. मामा म्हणजे पान्याने सुटेल तेवढंच खरं मानणारा माणूस. घरातला पंखा आपोआप थांबला तरी "कंडेन्सर गेला" म्हणून मोकळा होणारा. आयुष्यात त्याने मला भुताची एकच गोष्ट सांगितली. तीही एकदाच, गेल्या वर्षी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून. सांगताना त्याने चहाचा कप खाली ठेवला, तो पुन्हा उचललाच नाही.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. सकाळचे नऊ चाळीस झाले होते. बाहेर लख्ख ऊन असायला हवं होतं...

पण धुकं होतं.

त्याने सांगितलं तेव्हा त्या सकाळला बत्तीस वर्षं उलटली होती. त्या काळी मामा एका मालवाहू जहाजावर फोर्थ इंजिनियर होता. म्हणजे इंजिन रूमच्या साहेबांमध्ये सगळ्यात धाकटा. नुकतंच लग्न झालेलं. प्रत्येक बंदरात मामीच्या पत्रांचा गठ्ठा यायचा आणि पुढचं बंदर येईपर्यंत हा तीच पत्रं पुन्हा पुन्हा वाचायचा. म्हणून जहाजावर त्याचं नाव पडलं, चिठ्ठी.

"ए चिठ्ठी, पंप बघ जरा."

"चिठ्ठी, मजकूर संपला असेल तर जेवायला ये."

जहाज कसं चालतं ते थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. घाबरू नका. मला कळलं म्हणजे कुणालाही कळेल.

जहाज हाकणारे वर असतात, ब्रिजवर. इंजिन असतं तळाशी, सहा मजले खाली. जुन्या काळी वरून घंटा वाजायची आणि खालचा माणूस हाताने चाक फिरवून हुकूम पाळायचा. या जहाजावर ते काम हवा करायची. कॅप्टनने वर लिव्हर पुढे ढकलला की दाबाखालची हवा बोटभर जाडीच्या तांब्याच्या नळीतून सहा मजले उतरायची आणि इंजिन आपोआप सुरू व्हायचं. लिव्हर मागे ओढला की दुसऱ्या नळीतून हवा यायची आणि इंजिन उलटं फिरायचं. जहाजाला ब्रेक नसतो. इंजिन उलटं फिरवणं हाच त्याचा ब्रेक.

खालच्या लोकांनी फक्त काचेच्या कंट्रोल रूममध्ये बसून गेजचे काटे बघायचे.

तरी इंजिनाच्या अगदी अंगाशी एक जुनी जागा ठेवलेली होती. लोकल स्टँड. एक लोखंडी कठडा, एक हातचाक, दोन दांडे. हवेने दगा दिला तर हाताने इंजिन चालवायची सोय. तिथे सहसा कुणी उभं राहत नसे.

एक आबा सोडून.

आबा म्हणजे सेकंड इंजिनियर. जहाजावर वयाने सगळ्यात मोठे, म्हणून सगळे आबाच म्हणायचे. कॅप्टनसुद्धा. बंदरात शिरताना बाकीचे थंडगार कंट्रोल रूममध्ये बसत आणि आबा खाली त्या धगधगत्या इंजिनापाशी, कठड्यावर हात ठेवून उभे राहत. वरून हुकूम आला, नळीतून हवा सणसणली, की ते पान्याच्या टोकाने तांब्याच्या नळीवर दोन ठोके मारत.

टक्. टक्.

म्हणजे, ऐकलं.

मामा एकदा हसून म्हणाला, "आबा, तुमचे ठोके वर कुणाला ऐकू जातात?"

"न जावोत," आबा म्हणाले. "हवा हुकूम आणते रे पोरा, पण हवा 'हो' म्हणत नाही. कुणीतरी हो म्हणायला नको का?"

"अहो, पण हवा कधी चुकत नाही."

"हवा नाहीच चुकत. हवेचे कॉक उघडणारी-मिटणारी माणसं असतात ना, ती चुकतात."

आबांची दुसरी एक सवय होती. ड्युटी द्यायची ती कागदावर सही करून नाही. लोकल स्टँडवर, कठड्याला हात लावून द्यायची. जाणारा म्हणणार, "देतोय." येणाऱ्याने कठड्यावर हात ठेवून म्हणायचं, "घेतली." ते कानावर पडल्याशिवाय आबा हात उचलत नसत. मग समोरचा पाच मिनिटं उशिरा येवो नाहीतर पन्नास.

आबांची ड्युटी पहाटे चार ते सकाळी आठ. त्यांना सोडवायचं मामाने.

त्या दिवशी मामाला उशीर झाला. जेमतेम वीस मिनिटं.

कारण काय, तर मामीचं पत्र. आदल्या दिवशी बंदर सोडताना हाती आलेलं. आठाला पाच कमी असताना त्याने ते बंकवर बसून (म्हणजे त्याच्या झोपायच्या फळीवर) चौथ्यांदा उघडलं. मामीने लिहिलं होतं की घरी पाळणा हलणार आहे. त्या एका ओळीवर त्याची आठची वेळ टळून गेली.

आठ वीसला तो जिने उतरून खाली पोचला.

आबा उभे होते. कठड्यावर उजवा हात. तोंड जिन्याकडे. जिथून मामा येणार होता, बरोबर तिकडे.

"सॉरी आबा, जरा..."

आबा बोलले नाहीत.

मामा जवळ गेला. डोळे उघडे होते. पापणी हलत नव्हती.

हृदय थांबलं होतं. नक्की कधी, कुणाला सांगता आलं नाही. आठला पाच मिनिटं असतानाही थांबलं असेल, आठ एकोणीसलाही. मामाच्या मनाने मात्र आठ एकोणीसच धरलं. कठड्यावरचा हात सुटेना. शेवटी मामाने एकेक बोट उचलून तो मोकळा केला. रडत रडत.

"घेतली" हा शब्द त्या दिवशी कुणीच उच्चारला नाही. माणूस गेल्यावर कुणाला सुचणार?

आबांना पुढच्या बंदरात उतरवलं. जहाज पुढे निघालं. तीन आठवडे गेले.

आता त्या धुक्याच्या सकाळकडे येते.

आदल्या दिवशी मामाने हवेच्या नळ्यांचं काम काढलं होतं. दाबाच्या हवेत पाणी साठतं, ते अधूनमधून काढावं लागतं. शिवाय उलट फिरवायच्या नळीचा एक सांधा फुसफुसत होता. त्यासाठी त्या नळीवरचा छोटा कॉक बंद करायचा, सांधा आवळायचा आणि कॉक पुन्हा उघडायचा. काम पाऊण तासाचं.

जहाजावर यासाठी एक साधा नियम होता. प्रत्येकाच्या खिशात लाल फडकं. कॉक बंद केला की फडकं त्यावर बांधायचं. कॉक उघडला की फडकं पुन्हा खिशात. खिसा चाचपला की कळतं. फडकं आहे, म्हणजे सगळं उघडं आहे.

मामाने कॉक बंद केला. सांधा आवळला. तेवढ्यात चीफ इंजिनियरची हाक आली, दुसरीकडे तेल गळत होतं. तो धावला.

फडकं बांधायचंच राहून गेलं होतं. ते खिशातच होतं.

दुसऱ्या दिवशी साडेआठला बंदराआधीची यादी भरायची होती. चीफने विचारलं, "मागची लाइन? उलट फिरवायची?"

मामाने खिसा चाचपला. फडकं लागलं हाताला.

"ओके, चीफ."

आणि टिक केली.

खरं तर टिक झाल्यावर ब्रिजवरून एकदा इंजिन उलटं फिरवून बघायचं असतं. पण बाहेर इतकं धुकं होतं की जहाजाचं नाक दिसत नव्हतं आणि आजूबाजूला भोंगे वाजत होते. कॅप्टन फोनवर म्हणाला, "एवढ्या गर्दीत इंजिनाशी खेळत बसत नाही. खालून टिक आहे ना? मग पुरे."

जहाज हळूहळू आत शिरू लागलं.

कंट्रोल रूममध्ये चीफ आणि मामा दोघंच. काचेपलीकडे इंजिन धडधडत होतं. लोकल स्टँड रिकामं. मामा म्हणतो, का कोण जाणे, त्या सकाळी त्याला तिकडे बघवत नव्हतं.

नऊ चाळीस.

वरचा हुकूम दाखवणारा काटा गर्रकन फिरला. फुल अस्टर्न. म्हणजे जीव खाऊन मागे.

पुढच्या नळीचं गेज सर्रकन शून्यावर आलं. इंजिन मंदावलं. थांबलं.

आता मागच्या नळीचं गेज चढायला हवं होतं...

काटा जागचा हलला नाही.

एक सेकंद. दोन. तीन.

फोन खणाणला. कॅप्टन ओरडत होता, आवाज मामालाही ऐकू आला. "मागे! मागे का येत नाहीये? समोर फेरी आहे! माणसं आहेत तिच्यावर!"

चीफ पांढरा पडला. "लाइन बघ! लाइन!"

मामाचा हात खिशात गेला. त्याने लाल फडकं बाहेर काढलं.

फडकं कोरं होतं. घडीसुद्धा मोडलेली नव्हती. त्या कॉकवर बांधलेलं फडकं तेलाने माखल्याशिवाय कधी परत येत नाही.

त्या क्षणी त्याला सगळं कळलं.

"माझ्या पायाखालची जमीन सरकली गं," मामा मला म्हणाला. "फेरीवर किती माणसं असतील, एवढं एकच डोक्यात होतं. आणि तुझ्या मामीचं पत्र. घरी एक जीव येणार होता आणि मी एका टिकेने फेरीभर माणसं मारायला निघालो होतो."

तो दार ढकलून पळाला. कॉक दोन मजले खाली, इंजिनाच्या मागच्या अंगाला. कितीही जोरात पळालं तरी पाऊण मिनिट. इंजिन बंद असल्यामुळे खाली कधी नव्हे ती शांतता होती. स्वतःच्या बुटांचा आवाज आणि त्यामागे कुठेतरी पाणी टपकल्याचा.

पहिला जिना संपला.

दुसऱ्या जिन्याच्या मधोमध असताना त्याला ऐकू आलं...

टक्. टक्.

तांब्यावर. पान्याच्या टोकाने.

तो जागीच थिजला. खालून हवेचा प्रचंड सुस्कारा आला, जिना हादरला, आणि इंजिन सुरू झालं.

उलटं.

मामा उरलेला जिना अक्षरशः घसरत उतरला. लोकल स्टँडवर कुणीही नव्हतं. पण दांडा लोकलवर, म्हणजे हाताने चालवायच्या बाजूला होता. आणि हातचाक पूर्ण मागे फिरवलेलं होतं.

चाक गरम होतं. इंजिनाशेजारची प्रत्येक वस्तू गरम असते, तो म्हणाला. पण चाकाच्या दोनच जागा जास्त गरम होत्या. हात धरतात तेवढ्याच.

तो इंजिनाला वळसा घालून कॉकपाशी गेला. मनात एकच वेडी आशा होती, की कॉक उघडा असेल. आपण उगाच घाबरलो असू, हवा उशिरा पोचली असेल.

कॉक घट्ट बंद होता.

त्या नळीतून फुंकरभर हवासुद्धा गेली नव्हती.

त्याने कॉक उघडला. कुणी पाहायच्या आत. आणि परत स्टँडपाशी आला, तेव्हा वरून स्टॉपचा हुकूम आला. जहाज थांबलं होतं. फेरी पुढ्यातून निसटून गेली होती. कॅप्टन नंतर सांगत होता, इतक्या जवळून गेली की डेकवरच्या एका बाईने मुलाला पोटाशी धरून डोळे मिटून घेतलेले त्याला वरून स्पष्ट दिसले.

इंजिन अजून उलटंच फिरत होतं. थांबवायचं तर हातचाक मधे आणायला हवं. मामाने चाक धरलं.

चाक हलेना.

अडकलेलं नव्हतं. अडकलेलं चाक कसं लागतं ते त्याला ठाऊक होतं. हे धरून ठेवल्यासारखं लागत होतं. पलीकडून कुणीतरी. शांतपणे.

मग त्याचा हात कठड्यावर पडला आणि त्याला उमगलं, कुणीतरी थांबलंय. सकाळी आठपासून नाही... तीन आठवड्यांपासून.

"मी काय म्हणायला हवं होतं, ते मला माहीत होतं," मामा म्हणाला. "एकच शब्द. अगदी जिभेवर आला होता."

"मग?"

"मग मनात आलं, मी घेतली म्हणालो तर ते सुटतील. पण मग इथे कोण उभं राहील? आणि मला कोण सोडवायला येईल?"

तो एकेक पाऊल मागे सरकला. तेवढ्यात चीफ जिना उतरून धापा टाकत आला, त्याने चाक धरलं आणि दोन बोटांनी फिरवावं तसं सहज मधे आणलं. इंजिन थांबलं.

चीफने मामाला मिठी मारली. "शाब्बास रे चिठ्ठी! एवढ्या लवकर खाली पोचलास तरी कसा? वाचवलंस आज सगळ्यांना!"

मामा अजून चाकाकडेच बघत होता.

चीफ घाम पुसत हसला. "आणि आबांची सवय तुला कधी लागली? मी वर ऐकले तुझे ते दोन ठोके."

मामाने खरं सांगितलं नाही. ना कॉकचं, ना चाकाचं. कॅप्टनने त्याच्या नावाने शिफारसपत्र लिहिलं, तेही मुकाट्याने घेतलं. त्याच बंदरात पाठदुखीचं निमित्त सांगून तो जहाजावरून उतरला, तो पुन्हा समुद्रावर गेला नाही. पुढची सगळी वर्षं एका कंप्रेसर दुरुस्तीच्या कारखान्यात काढली. घरात सगळे म्हणायचे, बायकोच्या ओढीने नोकरी सोडली. आम्ही पोरं तर त्याला चिडवायचो. तो हसून घ्यायचा.

हे सगळं त्याने मला गेल्या वर्षी का सांगितलं, तर त्या दिवशी दुपारी त्याला एक फोन आला होता. त्याच चीफचा. आता फार म्हातारे झालेत. जुन्या गप्पा झाल्या आणि बोलता बोलता ते म्हणाले, "आपलं जहाज मोडीत निघालं रे. तुकडे केले. इंजिन रूम तर परवाच कापली."

मामाने फोन ठेवला. मी त्या दिवसांत त्याच्याकडे राहायला होते, माझ्या घरात रंगकाम चालू होतं. मामी बाहेर गेली होती. मी चहा केला आणि त्याने मला हे सगळं सांगितलं.

शेवटी म्हणाला, "तो कठडाही कापला असेल ना गं? मग आता ते उभे कुठे असतील?"

मी म्हटलं, "मामा, तू दमलायस. झोप."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं नाश्त्याला बसलो होतो. मामी पोळीचे तुकडे दुधात कुस्करत होती. भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजले.

सिंकखालच्या नळीवर...

टक्. टक्.

मामी म्हणाली, "पाण्याचा प्रेशर आला वाटतं."

मी मामाकडे पाहिलं. त्याचा चेहरा घाबरलेला नव्हता. थकल्यासारखा दिसत होता.

तो आवाज रोज येऊ लागला. रोज आठला. मामीने दोनदा प्लंबर आणला. प्लंबर म्हणाला, नळीत हवा अडकलीये. त्यावर मामा इतका विचित्र हसला की प्लंबर पैसे न घेताच निघाला.

पाचव्या दिवशी ठोके पडले आणि मामा खुर्चीवरून उठला. मागच्या गॅलरीत गेला. तिथून ती पाण्याची नळी खाली उतरते आणि तिच्याशेजारी लोखंडी कठडा आहे. त्याने कठड्यावर उजवा हात ठेवला.

"मामा, नको!" मी ओरडले. का ओरडले, हे मामीला कळणं शक्यच नव्हतं.

मामाने मागे वळून पाहिलंही नाही. "बत्तीस वर्षं उभे आहेत गं ते," तो म्हणाला. "माझ्या वीस मिनिटांपायी."

आणि अगदी स्पष्ट, एखादं साधं काम आटपावं तशा आवाजात म्हणाला,

"घेतली."

नळीतून एक लांब सुस्कारा ऐकू आला. फुस्स... हवा मोकळी झाल्यासारखा.

त्या दिवसापासून ठोके बंद झाले. मामीला वाटलं, प्लंबरची कमाल.

मला वाटलं, सुटलो एकदाचे सगळे.

पण दुसऱ्या दिवशी आठला मामा पुन्हा गॅलरीत गेला. कठड्यावर हात ठेवून उभा राहिला. तोंड दाराकडे. बारा वाजेपर्यंत. मामी म्हणाली, काहीतरी नवीन व्यायाम असेल. पुढच्या महिन्यात तो चारपर्यंत उभा राहू लागला. मग अंधार पडेपर्यंत. पाय सुजून खांबासारखे झाले. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. म्हणाले, शरीरात काही दोष नाही, मनाचं काहीतरी असेल.

एकदा मामीने जबरदस्तीने आत आणायला शेजाऱ्यांना बोलावलं. हात सुटेना. एकेक बोट उचलून मोकळं करावं लागलं.

मामीने हे मला फोनवर सांगितलं, तेव्हा मला आबांचा हात आठवला.

गेल्या रविवारी मी भेटायला गेले. मामी दारातच रडायला लागली. "तू आलीस बरं झालं. तुझी फार वाट बघतात गं हे. जिन्यात जरा पाय वाजला की मान उचलतात."

मामा गॅलरीत होता. किती वाळलाय. मला बघून त्याचे डोळे भरून आले. लहानपणी मला खांद्यावर बसवून फिरवणारा माझा मामा. मी जवळ गेले. मामीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात तो म्हणाला,

"देतोय, बाळ."

पुढचा शब्द या घरात मामाशिवाय फक्त मला माहीत आहे.

आतून मामी म्हणत होती, "बोल गं काहीतरी त्यांच्याशी. तुझं ऐकतील."

त्याच्या हाताशेजारी कठड्यावर एक हात मावेल एवढी जागा होती. मी ती बघत राहिले. माझा मामा माझ्यासमोर उभ्या उभ्या संपत होता, आणि त्याला बसवणं माझ्या हातात होतं.

"मामी, मला उशीर होतोय," मी म्हटलं आणि चपला घातल्या.

आज सकाळी आठला मामीचा फोन आला. मी उचलला नाही.

आठ वीसला पुन्हा आला.